एका अक्षराचा फरक

लॉ कॉलेजातले ते सर दर शनिवारी माझ्या दुकानातून कांदा-लसूण चटणी न्यायचे. ट्रेडमार्क आणि कॉपीराइट हा त्यांचा विषय. तो घेणारी मुलं दोन-तीनच, म्हणून एरवी त्यांना करारांचा कायदा शिकवावा लागे. पाकिटावरचं नाव ते मोठ्याने वाचायचे. म्हणायचे, "वहिनी, हीच तुमची इस्टेट. जपा."

पुढे कुणीतरी हुबेहूब तसलंच पाकीट बाजारात आणलं. माझा खप निम्म्यावर आला. सरांना विचारावं म्हणत होते, तोवर तेच बाजारात घेतलेलं पाकीट घेऊन तणतणत आले.

"वहिनी, तुमच्या चटणीत भुसा निघाला!"

मी पाकीट बघितलं. "सर, ही माझी न्हाय की. नावातलं शेवटचं अक्षर बघा."

त्यांनी चष्मा पुसून दोन्ही पाकिटं शेजारी धरली.

"केस करूया की. तुमी हायसा," मी म्हटलं.

"वर्गात मी हाच फरक ओळखायला शिकवतो," ते म्हणाले. "केस तुमच्या नातवापर्यंत चालेल. नाव बदला."

मी बदललं. आता गिऱ्हाईक नवं पाकीट उलटसुलट करून विचारतं, "मावशी, ही नकली न्हाय न्हवं?" सर तेव्हा रस्त्याकडे बघत उभे असतात.