कापसाच्या खोलीतलं इंग्रजी

काल अकोल्याच्या रस्त्यात कापसाच्या गाडीमागं अडकलो, आणि त्या वासानं मला थेट गावच्या कापसाच्या खोलीत नेऊन कोंडलं. बँकेची परीक्षा तोंडावर आलेली. घरचे बाकी सगळे शेतात हुरड्याला गेलेले. मी मात्र कापसाच्या ढिगावर, अंग खाजवत, इंग्रजी वाक्यांतल्या चुका शोधत होतो. दाराला बाहेरून कडी.

"बाबा, झालं! काढा ना मले बाहेर!"

"किती चुका सापडल्या?"

"वीस."

"एवढ्या जाड पुस्तकात वीसच? अजून पाह्य, लेका!"

बाबांना इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं! मी मनातल्या मनात चरफडलो. आता पोरीच्या अभ्यासाच्या खोलीबाहेर मीच बसतो, तेव्हा ध्यानात येतं, की त्या दिवशी दाराशी राखणीला बसलेल्या बाबांनाही हुरडा मिळाला नव्हता.