रेवतीचा आकडा

देवघराच्या फळीवर रिकाम्या काडेपेट्या साठतात ना, मुद्दाम कोणी ठेवत नाही, तसे आमच्या बाकावरचे किस्से साठलेत. बाक आमच्या हिंदी बोलणाऱ्या गावातल्या फ्रीगंज भागात, एका केंद्राच्या व्हरांड्यात आहे. आत मुलांची बुद्धी मोजतात, बाहेर आम्ही बसतो.

माझी रेवती नऊ वर्षांची. उशिरा बोलायला लागली, अजूनही सावकाश बोलते. शाळेने स्पष्ट सांगितलं, बुद्धीचा आकडा रेषेच्या वर आला तर चौथीत बसेल, नाहीतर नाव काढून न्या. तेव्हापासून माझे सोमवार, गुरुवार आणि शुक्रवारचे उपास तिच्या नावाने.

*

नानाखेड्याच्या शर्मा भाभींची गुड्डी आमच्या आधी आत गेली होती. समोर चार चित्रं. गाय, कुत्रा, तुळस, गुलाब. चाचणी घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "जोड़ी लगाओ."

गुड्डीने गाईशेजारी तुळस ठेवली आणि हात जोडले. मार्क नाही. प्राण्याशी प्राणी हवा होता.

भाभी बाहेर येऊन माझ्याशेजारी धपकन बसल्या. "दीदी, गाय-तुलसी को तो हम रोज पूजते हैं. कुत्ते के बाजू में बैठाती तो होशियार कहलाती?"

*

बँकेतून रिटायर झालेले जोशीकाका नातवाला घेऊन येतात. नातवाला कमी ऐकू येतं. पहिल्या खेपेला आकडा इतका खाली आला की काका दोन दिवस जेवले नाहीत.

दुसऱ्या खेपेला ते हट्टाने आत बसले. मॅडम कागद तोंडासमोर धरून प्रश्न वाचत होत्या. काका म्हणाले, "बाई, कागद जरा नीचे लो. त्याला ओठ बघून समजतं."

आकडा एकदम वर! बाहेर येऊन काका चष्मा पुसत म्हणाले, "वहिनी, वीतभर कागद खाली आला आणि आमचा नातू हुशार झाला."

*

मग रेवतीची पाळी. ठोकळे जुळवायचे होते, घड्याळ लावून. दाराच्या फटीतून मला तिचे हात दिसत होते. छान चालले होते. तीनच ठोकळे उरले आणि बाजूच्या देवळात आरतीची घंटा सुरू झाली.

रेवतीने ठोकळा खाली ठेवला. डोळे मिटले, हात जोडले.

आरती संपली, तिने शांतपणे तिन्ही ठोकळे बसवले. अगदी बरोबर. पण वेळ केव्हाच संपला होता. घंटा वाजली की हातातलं काम सोडायचं, हे मीच शिकवलेलं. त्या दिवशी ती घंटा मला पहिल्यांदा लांबलेली वाटली.

*

आता माझी चूक सांगते. शाळेने शेवटची एक संधी दिली होती. मी भाभींकडून प्रश्न विचारून घेतले आणि रेवतीकडून अकरा दिवस पाठ करून घेतले. रोज दिव्यापुढे बसवून, स्तोत्रासारखे. एकामागून एक, एकाच चालीत.

मॅडमनी त्या दिवशी नेमका क्रम बदलला.

"कुत्ते के कितने पैर?"

"सूरज."

"दिन में रोशनी कौन देता है?"

"सात."

स्तोत्र मध्येच कसं सोडायचं? ती म्हणत राहिली. मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली आणि दार उघडलं. "किसने रटवाया?"

कबूल केलं तर संधी गेली. नाही म्हटलं तर रेवतीच्या नावावर तो आकडा कायमचा. आणि उपासाच्या तोंडाने खोटं कसं बोलू?

"मैंने."

मॅडमनी कागदावर लिहिलं की हा आकडा धरू नये. आणि शाळेच्या बडी मॅडमना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, फोन लावला. "एक बार और लूँगी. आप खुद बैठिए. जो मेरे फॉर्म में नहीं आता, वो भी देखिए."

*

तो गुरुवार होता. बडी मॅडम डायरी मांडीवर घेऊन बसल्या. मलाही आत बसवलं, पण बोलायचं नाही या अटीवर. मी पदराखाली जपमाळ घट्ट धरली.

रेवतीचं काही जमलं, काही राहिलं. शेवटी मॅडमनी विचारलं, "आज कौन सा दिन है?"

रेवतीने माझ्याकडे पाहिलं. मॅडमचं पेन शून्यावर टेकलं.

"आज आई मीठ खात नाही," रेवती म्हणाली.

मॅडमना मराठी समजतं. पेन थांबलं. "और कल?"

"उद्या आंबट नाही. लिंबू लपवायचं."

बडी मॅडमनी विचारलं, "क्या कह रही है?" मॅडमनी हिंदीत सांगितलं. बडी मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या, मी जमिनीकडे. मग त्यांनी डायरी उघडली.

"ठीक है. सोमवार को स्कूल आ जाइए, बता देंगे."

मी मान हलवणार, तेवढ्यात रेवतीने माझा हात धरला. बडी मॅडमकडे बघून एकेक शब्द सावकाश जुळवत म्हणाली, "सोमवारको नहीं. सोमवारको आईको चक्कर आता है. बुधवारको आएँगे. बुधवारको आई पेटभर खाती है."

बडी मॅडमनी डायरीतला सोमवार खोडला.