ओल्या थर्मामीटरची वात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, पण मान खाली घालून नाही — तशी अपेक्षा असेल तर इथेच थांबा.

चाकणच्या एका इंजिन टेस्टिंग लॅबमध्ये मी इंजिनियर आहे. इंजिनाच्या एक्झॉस्टमध्ये पाण्याची वाफ असते. बरीचशी इंधन जळून होते, थोडी आत ओढलेल्या हवेतून येते. आमचं यंत्र वायू कोरडा करून मोजतं, म्हणून वाफ किती होती ते गणिताने काढावं लागतं. ते गणित माझं. माझी एक्सेल शीट — काय मिरवायचे मी ती!

हवेतल्या ओलाव्यासाठी दोन थर्मामीटर होते, एक कोरडा, दुसऱ्याच्या टोकाला कापडी वात. हवा जितकी दमट, तितके दोघांचे आकडे जवळ. ती रोज सकाळी भिजवून दोन्ही आकडे वहीत लिहायचे सोपानभाऊ — आमचे टेक्निशियन, जवळच्याच गावचे, आठ वर्षं कंत्राटावर. त्या महिन्यात ते कायम होणार होते.

पावसाळ्यात आमचे आकडे दुसऱ्या लॅबशी जुळेनात. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, चूक कुठे होतेय? मी क्षणभरही न थांबता म्हणाले, "वात भिजवत नसतील. अंदाजपंचे आकडे लिहितात."

सोपानभाऊ माझ्याकडे वळले. "मॅडम, रोज भिजवतो की आमी. एक दिस चुकला न्हाई."

जेवणाच्या सुट्टीत मी शीट उघडली. ओलाव्याच्या रकान्यात सूत्रच नव्हतं! उन्हाळ्यात शीट तपासताना मीच टाकलेला आकडा तसाच बसला होता. सोपानभाऊंचे आकडे मी रोज भरत होते, आणि शीट त्या आकड्यांना विचारतही नव्हती.

तेव्हा बोलता आलं असतं ना? साहेब दहा पावलांवर डबा खात होते. मी सूत्र घातलं, फाइल सेव्ह केली, गप्प बसले. आठवड्याभरात सोपानभाऊंना काढलं. नवा माणूस आला, आकडे जुळले, आणि सगळे म्हणाले — बघा, मॅडमचंच बरोबर होतं.

घाबरले म्हणून? लॅबमधली एकटी बाई म्हणून? नाही — ती पांघरुणं मला नकोत. फार तर बोलणी बसली असती. मला तेवढीही नको होती. आता काय म्हणायचं ते म्हणा.

आज लॅब माझ्या हाताखाली आहे. सोपानभाऊंची वही माझ्या कपाटात असते. पाऊस लागला तसे दोन्ही आकडे जवळ येत गेलेत, अगदी यायला हवेत तसे. नोंदी कशा ठेवाव्यात हे शिकवायला नव्या मुलांना मी तीच वही दाखवते.

अक्षर कुणाचं, ते सांगत नाही.