कापसात पडलेला गोळा

त्या खोलीची आठवण आली की मला आधी उजेड आठवतो, माणसं नंतर. परभणीत मोंढ्याच्या मागच्या एका बोळात पिंजाऱ्यांची दोन-तीन घरं होती. त्यातल्या एका घराच्या पुढच्या खोलीत दुपारचं ऊन पत्र्याच्या फटीतून तिरपं आत यायचं, आणि त्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत राहायचे. खाली पडायचेच नाहीत. मधोमध एक बाई बसलेली असायची. आढ्याला टांगलेली कापूस पिंजायची मोठी कमान तिच्यासमोर हलायची आणि कमानीला ताणून बांधलेल्या तातीतून असा एक आवाज निघायचा, की तो कानाऐवजी छातीतच ऐकू यायचा. मी तिथं पहिल्यांदा गेले ते मावशीच्या दोन जुन्या गाद्या पिंजून आणायला. तेव्हा माझा उजवा हात जवळजवळ निकामी झाला होता.

ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमचं घर राणीसावरगावला. दहावीनंतर शिकायचं म्हणून मी परभणीला मावशीकडं राहायला आले. गावी असताना विहिरीचं पाणी शेंदून शेंदून माझे हात दणकट झाले होते, पण त्याचा काही उपयोग असतो हे मला ठाऊक नव्हतं. एकदा कॉलेजच्या मैदानावर लोखंडी गोळा पडलेला दिसला. कुणी बघत नाही असं वाटून मी तो उचलला आणि ढकलला. खेळाचे सर लिंबाखाली उभे होते. ते हातातला चहा तसाच ठेवून आले आणि टेपनं अंतर मोजलं. पुन्हा फेक म्हणाले. पुन्हा मोजलं.

"विद्यापीठाच्या स्पर्धेला जायचं तुला," ते म्हणाले. "फक्त हातात जोर आण. रोज सकाळी जोर मारायचे. वर येताना हात असा ताठ झाला पाहिजे, की कोपर कट्कन वाजलं पाहिजे."

सर मनानं फार चांगले होते. स्वतः कबड्डी खेळलेले. त्यांनी पन्नास सांगितले, मी शंभर मारू लागले. मावशीच्या माडीवर, पहाटे, कुणी उठायच्या आत. ओढणी कमरेला बांधायची आणि सुरू. फरशी गार असायची, लांबून रेल्वेची शिट्टी यायची, आणि माझं कोपर प्रत्येक वेळी वाजायचं. मला तो आवाज आवडायचा. आपण कुणीतरी होत चाललो आहोत, असं वाटायचं.

महिनाभरात कुर्त्याच्या बाह्या दंडाला रुतू लागल्या. मावशीनं त्या उसवून मोठ्या केल्या. "आता पुढं कापड न्हाई बरं का," एवढंच ती म्हणाली. नंतर दुखणं सुरू झालं. आधी कोपराच्या बाहेरच्या अंगाला, हाड हाताला लागतं त्या जागी, कुणी बारीक सुई धरून ठेवल्यासारखं. मग ते खाली मनगटापर्यंत उतरलं. कपडे पिळता येईनात. वेणी घालता येईना. आमच्यात रोज सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करतात. पाणी वाहताना माझा उजवा हात थरथरायचा आणि पाणी भलतीकडंच सांडायचं. मावशी ते बघायची, पण पूजेत बोलायचं नाही म्हणून गप्प राहायची. मी मात्र जोर सोडले नाहीत. दुखतंय म्हणजे हात तयार होतोय, असं मला वाटत होतं.

तर त्या दुपारी रिक्षावाल्यानं गाद्या बोळाच्या तोंडाशी टाकल्या आणि तो निघून गेला. मी डाव्या हातानं एकेक ओढत त्या खोलीपर्यंत नेली. बाईनं कमान थांबवली. पन्नाशीची असेल. केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर कापूस.

"उजव्याला काय झालंय?" तिनं विचारलं. गाद्यांकडं तिनं पाहिलंही नव्हतं.

"काही नाही, चाची."

"काही न्हाई तर मग उचल ती गादी."

मी उचलायला गेले आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला. मागच्या खोलीत तिचे मालक गादी शिवत होते, त्यांनी सुई थांबवून बघितलं. चाचीनं मला समोर बसवलं. माझं कोपर तिच्या दोन बोटांत धरलं आणि नेमकी ती सुईची जागा दाबली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी सगळं सांगितलं. गोळा, स्पर्धा, शंभर जोर, कट्कन वाजणारं कोपर. तिला गोळाफेक म्हणजे काय ते नीट कळलं नसावं, पण जोर कळले.

तात छेडायचा तिचा लाकडी ठोकळा होता, दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये बारीक. तो तिनं माझ्या हातात दिला. "धर."

मी धरला.

"बघ तुजी बोटं. पांढरीफटक पडली. कोन पळवून न्यायलंय गं त्याला?"

मी मूठ सैल केली. तेवढ्यानंच कोपरातली सुई जरा मागं सरल्यासारखी वाटली. मी चकित होऊन तिच्याकडं पाहिलं.

"मूठ आवळली की कोपर रडतंय," ती म्हणाली. "आन् हात असा पुरा ताठ करून कवा ठोकायचा न्हाई. जरा वाकलेला ऱ्हाऊ दे. झाडाची फांदी असती तसा. जोर हितला." तिनं माझ्या पाठीवर, खांद्याच्या मागं, थाप मारली. "कोपराचं काम नुस्तं हिकडचं तिकडं पोचवायचं."

मग तिनं काम सुरू केलं आणि मी बघत बसले. तिचे दंड काही माझ्यापेक्षा जाड नव्हते. हात हलताना दिसायचा, पण तो हलवतंय कोण ते दिसायचं नाही. सगळी पाठ मागं-पुढं होत होती, झोक्यावर बसल्यासारखी. कोपर अंगाजवळ, बरगड्यांशी. जुना, दगडासारखा झालेला कापूस तातीला लागायचा आणि धूर होऊन उठायचा. किती वेळ गेला कळलं नाही. मी बसल्या बसल्या झोपले होते की जागी होते, तेही आज सांगता येणार नाही.

थांबल्यावर तिनं स्वतःची गोष्ट सांगितली. मालकांना दम्यानं धरलं त्या साली लग्नसराई होती आणि कमानीवर ती एकटी. रात्रंदिवस पिंजलं. दुखायलं तरी पिंजलं. "शेवटी पान्याचा तांब्या उचलंना. आठ म्हयने हात गळ्यात बांधून बसले. डाव्या हातानं भाकर थापली." मग हाताकडं बघत म्हणाली, "हात बोलतोय गं. पैल्यांदा हळूच बोलतोय. तवाच ऐकायचं."

तिनं मला पंधरा दिवस जोर बंद करायला सांगितले. त्यानंतर उभ्यानं भिंतीला हात लावून मारायचे, मग बाजेला धरून, आणि फरशीवर अगदी शेवटी. खाली जाताना सावकाश. दुखलं की त्या दिवसापुरतं थांबायचं.

पंधरा दिवस थांबायला माझ्याकडं वेळ नव्हता. स्पर्धा बारा दिवसांवर होती. मी घरी आले आणि रडले.

पण स्पर्धाच पुढं गेली. विद्यापीठाचं नाव बदलण्यावरून त्या वर्षांत मराठवाड्यात सारखं काही ना काही चालू असायचं. कधी मोर्चा, कधी बंद, कधी परीक्षाच पुढं. आमच्या वर्गातली एक मुलगी माझ्यासोबत थाळी फेकायची. ती पेडगावहून एसटीनं यायची. मोर्चाला गेली ती चार दिवस कॉलेजात दिसली नाही. आली तेव्हा तिचा आवाज पार बसला होता.

"स्पर्धा पुढं गेली म्हणून तुला राग आला असंल," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"नाही," मी म्हणाले. "माझा हात दुखायलाय."

ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग हसायला लागली. हसताना तिला खोकला आला. मग मी तिला विचारलं, त्या नावाचं तुला एवढं काय वाटतं. तिनं मैदानाच्या कडेला बसून मला सांगितलं. तिच्या आजोबांना शाळेच्या ओट्यावर चढू दिलं नव्हतं, तिथपासून. मी तोवर असं काही कुणाच्या तोंडून समोरासमोर ऐकलं नव्हतं. दुखरा हात मांडीवर घेऊन ऐकत राहिले.

तिच्यासोबतच मग मी भिंतीचे जोर सुरू केले. दोघी कॉलेजच्या मागच्या भिंतीला हात टेकून उभ्या. सरांनी पाहिलं.

"भिंत पडतीय का?"

मी त्यांना सगळं सांगितलं, चाचीचं नावगाव न घेता. त्यांनी माझं कोपर हातात घेऊन वाकवून पाहिलं. मग स्वतःचं उजवं कोपर चोळलं. "माझं पण असंच गेलं होतं," ते म्हणाले. "मला कुणी सांगितलं नाही." त्यानंतर ते कट्कन हा शब्द कधी बोलले नाहीत.

हात सुधारला तसा मी एक दिवस गोळा घेऊनच चाचीकडं गेले. तिला दाखवायचा होता. खोलीच्या टोकाला पिंजलेल्या कापसाचा ढीग होता, माझ्या छातीएवढा. ती म्हणाली, "टाक त्याच्यात." मी मानेशी गोळा धरला, गुडघे वाकवले, आणि पायापासून उठत ढकलला. गोळा कापसात गेला. काहीच आवाज झाला नाही. ढिगाला एक खळगा पडला आणि हळूहळू बुजला. जणू काही झालंच नव्हतं. मैदानावर गोळा पडला की धप्प आवाज यायचा, माती उडायची, आणि माझं सगळं लक्ष त्या आवाजाकडं असायचं. इथं आवाज नव्हता म्हणून पहिल्यांदा मला माझाच हात जाणवला. पोटरीतून निघालेलं बळ कमरेत, पाठीत, खांद्यात, आणि मग कोपरातून नुसतंच वाहून जाणारं.

"आता मला दे," चाची म्हणाली.

तिनं पदर खोचला. मालक मागून म्हणाले, "अगं, ठेव, ठेव." तिनं गोळा ढकलला आणि तो ढिगावरून जाऊन पलीकडच्या रिकाम्या पिंपावर आदळला. सगळा बोळ दणाणला. शेजारच्या बायका धावत आल्या. चाची तोंडावर पदर घेऊन हसत होती, आणि हसताना तिच्या पापण्यांवरचा कापूस उडत होता.

मी पुढं तिच्याकडं फार वेळा गेले असं नाही. वर्षभरात त्या बोळात पिंजायचं मशीन आलं. चाची मालकांसोबत गाद्या शिवू लागली.

स्पर्धा उन्हाळ्याच्या तोंडाशी झाली, औरंगाबादला. आम्ही दोघी आणि सर छोट्या रुळांच्या गाडीनं गेलो. खिडकीबाहेर काढलेल्या ज्वारीची रानं मागं मागं पळत होती. मैत्रीण माझ्या उजव्या दंडावर डोकं ठेवून परतुरापासून झोपली होती आणि मी तो हलवला नाही. मैदानावर माझा पहिला गोळा बाद झाला, रेघेबाहेर पाय पडला. दुसरा साधाच गेला. तिसऱ्याला मी डोळे मिटले. भोवतालचा गलका विरून गेला. हातातून गोळा सुटला तो क्षण मला अजून आठवतो, कारण त्यात दुखणं नव्हतं आणि भीतीही नव्हती. तो माझा तोवरचा सगळ्यात लांबचा गोळा होता. मैत्रिणीनं थाळीत दुसरा नंबर काढला. सरांनी आम्हाला उसाचा रस पाजला.

घरी पोचले तेव्हा मावशी तवा तापवत होती.

"कितवी आलीस?"

"चौथी."

"चौथी म्हंजे?"

"तिघी माझ्या पुढं होत्या."

"आन् मागं?"

मी मोजलं. "अकरा."

मावशीनं भाकरी उलटली. "मग हात धू आन् बस जेवायला," ती म्हणाली.