पुढची सीट

जयपूरला बदली माझी झाली, पण माझ्यापेक्षा जास्त खूश झाले आमचे हे, म्हणजे माझा नवरा. ते तोवर नोकरीतून मोकळे झाले होते. मी विम्याच्या ऑफिसात फायलींशी डोकं लावायची आणि हे सांगलीहून आणलेली सायकल काढून वैशाली नगरातून जे निघायचे ते थेट सांगानेरपर्यंत. आल्यावर कुठल्या टपरीवर चहा चांगला होता ते मला जेवताना ऐकावं लागायचं. मी वैतागायची. पुढं तेच ऐकायला मिळावं म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं.

एका तापानंतर ह्यांच्या कानातली तोल सांभाळणारी नस गेली. असं काही कानात असतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. आधी नुसत्या उलट्या, सगळं घर गरगरायचं. गरगरणं थांबलं, पण तोल परत आला नाही. भिंतीला हात लावून चालायचे, दारातून वळताना चौकट धरायचे. शेवटी डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, "जितना ठीक होना था, हो गया. अब इसी के साथ चलना है." घरी येताना रिक्षात आम्ही भाजी काय घ्यायची ते बोललो. त्यानंतर तो विषय आमच्यात निघालाच नाही. प्रत्येक गोष्टीला हे "जरा बरं वाटू दे, मग" म्हणायचे. दर रविवारी सायकल पुसायचे, दोन्ही चाकांत हवा भरायचे आणि परत भिंतीला लावून ठेवायचे. मला ते बघवत नव्हतं.

म्हणून मी दोघांनी चालवायची सायकल शोधली. नवी परवडण्यातली नव्हती. जुनी एक राजा पार्कात मिळाली. त्या घरातले आजोबा मला गच्चीवर घेऊन गेले आणि फाटकी ताडपत्री बाजूला करत म्हणाले, "शौक भी हमारा था, बहनजी, और घुटने भी हमारे ही गए." साखळ्या गंजून एकजीव झाल्या होत्या, टायरना भेगा, दोन्ही सीटचं कातडं कडक. टेम्पोत घालून आणली. ह्यांनी गॅलरीतूनच विचारलं, "हा उंट कुठं बांधणार?"

मी ती टेम्पोवाल्यांकडून वर हॉलमध्ये चढवून घेतली आणि मुद्दामच आधी स्वतः पाना हातात घेतला. खुर्चीतून सूचना सुरू झाल्या. उलटं फिरवतेयस. अगं, तो नट नाही, तो! शेवटी ह्यांना राहवलं नाही आणि ते खाली फरशीवर येऊन बसले. फरशीवर बसलं की तोलाचं काही काम नव्हतं. सगळा हिवाळा ते तिथंच बसून होते. साखळ्या डिझेलमध्ये बुडवल्या, गंज पॉलिश पेपरनं घासला, बेअरिंगचे छर्रे माझ्या कढीच्या वाटीत घालून ठेवले. त्यावरून मी घर डोक्यावर घेतलं, आणि कितीतरी दिवसांनी हे मोठ्यानं हसले. टायर नवे, ब्रेकच्या तारा नव्या. मी ऑफिसातून येताना जिना जवळजवळ पळत चढायची.

एका रविवारी सकाळी सायकल खाली उतरवून पार्किंगमध्ये उभी केली आणि मी बघतच राहिले. पुढची सीट ह्यांच्या मापाची, चांगली उंच केलेली. मागची खाली, माझ्या मापाची, आणि तिच्यावर मऊ कव्हर.

कुणी कुठं बसायचं हे आम्ही कधी बोललोच नव्हतो. लग्नापासून मी मागंच बसत आले होते, आधी सायकलच्या कॅरिअरवर, मग स्कूटरवर. ह्यांना दुसरं काही सुचणार तरी कसं? आणि मला वाटलं होतं, ह्यांना कळलंच असेल.

"अहो, पुढं मी बसणार," मी म्हटलं.

"तुला सवय कुठं राहिलीय?"

"मला सवय नाही. तुम्हाला तोल नाही."

गोड बोलणाऱ्यातली मी नाही, आणि ह्यात गोड असं होतं तरी काय? हे खांबाला धरून उभे होते. "जरा बरं वाटू दे मला," म्हणाले. मी पुढचं हँडल सोडलं नाही. ते वळले आणि कठडा धरत जिना चढून गेले. मी तिथंच सायकल धरून उभी. मला भयंकर भीती वाटली, की आता हा माणूस कधीच घराबाहेर पडणार नाही, आणि ते मीच केलं.

बऱ्याच वेळानं ते खाली आले. हातात पाना होता.

"सरळ उभी राहा."

माझ्या कमरेशी हात लावून त्यांनी माप घेतलं, पुढची सीट खाली केली, नट आवळला. मागचं मऊ कव्हर काढून पुढं चढवलं. मग पाना माझ्या हातात दिला. "मागची तू वर कर. माझ्यानं नाही होणार ते."

मी केली.

रस्ता मोकळा होता, तरी आम्ही सुटलो की लगेच कलंडायचो. मागून हे सवयीनं तोल सावरायला जायचे आणि नेमके भलत्याच बाजूला झुकायचे. शेवटी मी ओरडलेच, "अहो, तुम्ही नका सांभाळू! मी सांभाळतेय!"

"मग मी काय करू?"

"पायडल मारा."

मग ते ताठ बसून नुसते पायडल मारू लागले, आणि सायकल निघाली. ह्या सायकलीत दोघांची पायडलं एकमेकांना साखळीनं जोडलेली असतात. एकानं पाय थांबवले की दुसऱ्याचेही थांबतात. मला ह्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण ते किती जोर लावतायत ते माझ्या तळपायांना कळत होतं. चौक गेला, दूध केंद्र गेलं. थंड वारा होता.

"ते डॉक्टर म्हणाले ते खरंच ना गं?" मागून आवाज आला.

माझी नजर रस्त्यावर होती. "हो," मी म्हटलं.

पायडलं थांबली. माझेही पाय जागच्या जागी थांबले. सायकल नुसतीच पुढं जात राहिली, हळू होत गेली, आणि आता पाय टेकावा लागणार असं वाटत असतानाच मागून जोर आला. मग पुन्हा. मीही पाय मारू लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हँडलवरचा हात सोडून ते पुसण्याइतकी मी अजून तयार झाले नव्हते.