मामांनी माझ्या हाती दिलेली बॅटरी

अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात लाकडाआधी बोटांचा विचार करणारा सुतार एकच झाला, आणि तो म्हणजे आमच्या सुनेचे मामा. बाकीचे सुतार घरात आले की आधी लाकूड बघतात, मग चहा कुठून येतोय ते बघतात. मामा आधी घरातल्या माणसांचे हात बघायचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, कानामागं पेन्सिल, आणि सास्तूरहून आमच्या लोहाऱ्यापर्यंत मोटारसायकलीला पोरासारखं बांधून आणलेलं ते बॅटरीवरचं गोल पात्याचं कटर. ते खाली ठेवायच्या आधी म्हणायचे, "समद्यांची धा-धा बोटं हायत न्हवं? मी जाताना बी धाच ऱ्हायला पायजेत." मग पुरुषांनी खांद्यावरचे पंचे काढायचे, बायकांनी पदर खोचायचे. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, पण मामा आले की पंचा आपोआप खुंटीवर जायचा.

कटरचं ब्लेड बदलणं हा तर मामांचा सोहळाच असायचा. आधी बॅटरी काढायची. मग रिकाम्या मशीनचं बटण दोनदा दाबून कान लावून ऐकायचं, आणि सांगायचं, "मेलंय. आता हात लावतो." पण काढलेली बॅटरी ते कधी स्वतःजवळ ठेवत नसत. ज्या घरी काम चालू असेल त्या घरच्या मोठ्या माणसाच्या ओंजळीत ती द्यायची आणि ब्लेड बदलून होईस्तोवर त्या माणसानं समोर उभं राहायचं, अशी त्यांची पद्धत. आमच्या घरी हा मान माझा. मी एकदा विचारलं, "मामा, बाजूला ठेवली तर काय बिघडतं? ती काय पळून जातीय?" तर म्हणाले, "जवळ असली की माझाच हात सवयीनं परत घालंल, अक्का. आपल्या हातावर आपण भरोसा ठिवू न्हाय. दुसऱ्याच्या हातावर ठिवावा." मी आपली ओटी घेतल्यासारखी बॅटरी धरून उभी, आणि शेजारीण कुंपणावरून विचारतेय, "अक्का, कुणाचं डोहाळजेवण हाय?"

शिवाय मामांना घाई म्हणून नसायची. कापून झाल्या झाल्या ब्लेडला हात लावायचा नाही, ते तापलेलं असतं. ते निवायला अर्धा चहा. काढलं की कडुनिंबाचा, बाभळीचा चिकटा घासायला सोड्याचं पाणी आणि एक जुना दातांचा ब्रश. हा ब्रश ते ज्याच्या त्याच्या घरी मागून घेत. आमच्याकडं त्यांनी एकदा मोरीतून उचलला तो जुना नव्हता, आणि माझ्या नवऱ्याला ते दोन दिवसांनी कळलं. मग ब्लेड उजेडाकडं धरून एकेका दाताला नख लावत तुटका, ढिला, चिरलेला दात शोधायचा. हे मोजणं कानडीत. ओंदु, एरडु, मूरु. मध्ये कुणी बोललं की परत पहिल्यापासून. चोवीस दातांचं ते ब्लेड. मी समोर बॅटरी घेऊन उभी, एकोणिसाव्या दाताशी दबा धरायची आणि विचारायची, "मामा, साखर किती घालू?" ते एकदा बघायचे, सुस्कारा सोडायचे, आणि ओंदु. एका सकाळी मी त्यांना तीनदा परत फिरवलं. सून तोंडात पदर कोंबून चुलीकडं वळली. ती हसत होती असं मला तेव्हा वाटलं होतं.

तेव्हा मी जेमतेम बासष्ट वर्षांची. वयच तसलं. सासूपण नवंनवं, गुडघे शाबूत, आणि अक्कल यायला अजून सवड. आता सत्तरीला टेकल्यावर त्या बाईकडं बघते तेव्हा वाटतं, हिला कुणीतरी कोपऱ्यात बसवायला हवं होतं.

त्या चैत्रात मामा आमच्या स्वयंपाकघरातल्या फळ्या करत होते. मला त्याच दिवशी येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला जायचं होतं. शेजारच्या बायका मिळून जीप ठरवलेली. जीप दारात यायला आणि मामांचं ब्लेड बदलायला एकच गाठ पडली. त्यांनी नवं ब्लेड बसवलं, त्याच्यावरचा बाण आणि मशीनवरचा बाण एका दिशेला आहेत का ते मला दाखवून वदवून घेतलं, बोल्ट आवळला, चावी काढून खिशात घातली. आता ब्लेड हातानं एक फेरा फिरवून ते कुठं घासतंय का बघायचं, तेवढंच राहिलेलं. त्याआधी चष्म्यावरचा भुसा पुसायला त्यांनी पाठ वळवली. बाहेर जीपवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. मी म्हटलं, झालंच की आता. ओंजळीतली बॅटरी मशीनमध्ये सरकवली आणि दाराकडं निघाले. ती बसल्याचा टक आवाज हॉर्नमध्ये बुडून गेला.

मामांनी तिसऱ्यांदा खात्री का करावी? त्यांच्या लेखी बॅटरी माझ्याकडं होती. त्यांनी सवयीनं उजव्या हातात मूठ धरली, डावं बोट ब्लेडला लावलं. त्या मुठीतच बटण आहे, आणि जन्माच्या सुताराचा तो हात, मूठ धरली की बटण दाबणारच.

एक क्षणच फिरलं ते. डाव्या तर्जनीचा शेंडा नखासकट गेला. माझा मुलगा आणि सून धावत आले. मामांनी हात धोतरात गुंडाळला होता. त्यांनी मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी उंबऱ्यात उभी, दोन्ही हात रिकामे. मग त्यांनी मान वळवली आणि माझ्या मुलाला म्हणाले, "माझीच चूक. बॅटरी काढायला इसरलो."

मी काही बोलले नाही. येरमाळ्याला जाणारी जीप दवाखान्यात गेली.

बातमी सास्तूरला मामांच्या आधी पोचली. उभा जन्म जो माणूस इतरांना बॅटरीवरून टोकत आला, तोच विसरला, म्हटल्यावर लोकांना काय, गंमतच. पारावर कुणी भेटलं की, "काय मामा, आज आंघुळीला बॅटरी काढून बसला का?" मामाही हसत. पण त्यांचा पुतण्या हसला नाही. त्यानं कटर कपाटात कुलूपबंद केलं. "काका, वय झालं तुमचं. आता इसरायला लागलाव. बसून खावा." मामा ओट्यावर बसून खुरप्यांच्या मुठी आणि लाटणी करायला लागले. सून सास्तूरला मामांकडं जाऊन आली की रडायची, "मामांचं डोकं चालंना म्हणं, आत्या." आणि मी, देवी मला क्षमा करो, भाकरी थापत तिला म्हणाले होते, "वय झालं की व्हायचंच गं."

असे पाच महिने गेले. मला ती भाकरी गिळायला जड जात होती, पण जात होती. पोळ्यानंतर सून मामांना भेटायला निघाली तेव्हा मीही पायात चपला घातल्या.

ओट्यावर सगळे बसले होते. मामा, पुतण्या, त्याची बायको, चारदोन शेजारी. समोर आलेल्या चहाला हातसुद्धा लावायच्या आत मी बोलून टाकलं. बॅटरी मामांनी काढली होती, माझ्या हातात दिली होती, मी घातली, येरमाळ्याच्या घाईत. मामा मध्ये पडले, "अक्का, उगा कायतरी बोलू नगा. म्याच..." मी म्हटलं, "मामा, तुम्ही गप बसा." पुतण्या उठून आत गेला आणि कटर आणून मामांच्या पुढ्यात ठेवलं. त्यानं बॅटरी आधीच काढली होती. मामांनी पात्यावरचं झाकण मागं ओढून सोडलं, ते अर्ध्यात अडकलं. "पाच महिने कुणी भुसा झाडला न्हाय ह्याचा," ते पुतण्याला एवढंच बोलले.

निघताना मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "माझं नाव का घेतलं नाही तुम्ही?"

मामांनी आपल्या भाचीकडं बघितलं. ती चपला शोधत होती. "तुमी सासू हाव, अक्का," ते हळू म्हणाले. "मी त्या दिशी तुमचं नाव घेतलं असतं, तर मी जाणार सास्तूरला. तिला तुमच्याच घरात नांदायचं व्हतं."

म्हणजे मी त्याचा सूड तिच्यावर काढीन, असं त्यांना वाटलं होतं. मला राग यायला हवा होता. पण मला ती तोंडात पदर कोंबून चुलीकडं वळलेली आठवली, ती तेव्हा हसत नव्हती, आणि वाटलं, मामांनी ब्लेडचे दात मोजले तसं मलाही कधीच पारखून ठेवलं होतं, आणि त्यांचं मोजमाप सहसा चुकत नसे.

परतीच्या एसटीत सून माझ्याशेजारी बसली. मी तिला खिडकी दिली. काय बोलायचं ते मला सुचत होतं, पण सासूच्या तोंडी ते कसं बसवायचं हे कळत नव्हतं. मग वाऱ्यानं तिचा डोळा लागला आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. जागेपणी तिनं ते कधी ठेवलं नसतं. सास्तूर ते लोहारा काही फार लांब नाही. त्या दिवशी आणखी दोन-चार गावं मध्ये लागली असती तर बरं झालं असतं.