मान हलेपर्यंत

नसीमभाभींचा फोन आला तेव्हा मी खडूचे हात झटकत वर्गातून बाहेर आलो होतो. फोन कानाला लावला आणि नेहमीप्रमाणे मीच सुरू झालो. हाव भाभी, निघालोच, ही बॅच सुटली की येतो, पेज घेतली का त्यानं, आणि त्या सिस्टरला म्हणावं खिडकीजवळचा पलंग रिकामा झाला असेल तर आम्हाला द्या, आणि त्याला सांगा की मी येऊन राहिलो… मी बोलत होतो आणि त्या बोलू देत होत्या. शेवटी माझाच श्वास संपला. मग पलीकडून त्या हळू म्हणाल्या, "भाऊ, तुमचे दोस्त गेले."

यासीन असता तर त्यानं हा किस्सा क्लासभर सांगितला असता. बघा, आपल्या दिगूनं माझ्या मरणाची बातमीसुद्धा मधेच तोडली. वर स्वतःच पोट धरून हसला असता. आता तो नाही, त्यामुळं मलाच सांगावा लागतो आहे, आणि मला तो त्याच्यासारखा सांगता येत नाही.

आमची ओळख नांदेडची. विद्यापीठ नवंनवं आलेलं, इमारतींच्या भिंतींवर अजून पाणी मारणं चालू असायचं. मी जळकोटकडचा शेतकऱ्याचा पोरगा, भौतिकशास्त्रात एमएस्सी करत होतो. पण खरा अभिमान होता तो वक्तृत्वस्पर्धांतल्या ढालींचा. त्या खोलीतल्या ट्रंकेवर मांडून ठेवल्या होत्या, म्हणजे येणाऱ्याला आधी त्या दिसाव्यात. त्या वर्षी विद्यापीठानं सगळ्या विभागांच्या मुलांसाठी एक छोटा अभ्यासक्रम काढला, गटकार्य आणि संवादकौशल्य. मला वाटलं, हा तर आपल्यासाठीच काढलाय. शिकवण्यासारखं मला फारसं काही उरलं नसणार, पण प्रमाणपत्र आणखी एक होईल.

शिकवायला वाघमारेबाई होत्या. बारीक चणीच्या, मोठा आवाज न करणाऱ्या. पहिल्याच तासाला त्यांनी बाकं भिंतीला लावली आणि खुर्च्या जोडीजोडीनं समोरासमोर ठेवल्या. खेळ सोपा होता. एकानं आपलं काही सांगायचं. दुसऱ्यानं ते आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं. पहिल्याची मान हलली, म्हणजे हो, हेच म्हणत होतो मी, की मग दुसऱ्याची बोलायची पाळी. "मान हलेपर्यंत पाळी बदलायची नाही," बाई म्हणाल्या. माझ्यासमोर निलंग्याचा एक उंच, हडकुळा मुलगा आला. अर्थशास्त्राचा. नाव यासीन. मी माझ्या पाळीसाठी दोन शेर आणि एक विनोद तयार ठेवला होता, त्यामुळं म्हटलं, आधी तू बोल, म्हणजे तुझं लवकर उरकेल.

त्यानं चारच वाक्यं सांगितली. निलंग्याला बसस्टँडमागं अब्बांचं गाद्या भरायचं दुकान हाय. मला तिथंच बसायचं होतं. अब्बा म्हणले, जा, शीक. आलो.

मी म्हणालो, म्हणजे तुला शिक्षणात रस नाही. त्यानं मान आडवी हलवली आणि तीच चार वाक्यं पुन्हा सांगितली. मी म्हणालो, म्हणजे अब्बांनी जबरदस्ती केली. नाही. मग मी फोमच्या गाद्या बाजारात आल्यामुळं कापूस पिंजणाऱ्यांवर आलेल्या संकटाचा आढावा घेतला. तो त्यानं शांतपणे ऐकला आणि पुन्हा मान आडवी. बाकीच्या जोड्या उरकून चहाला गेल्या. बाई एकेक खिडकी लावत होत्या, पण आम्हाला उठा म्हणत नव्हत्या. शेवटी माझ्याकडचं सगळं शहाणपण संपलं. दुसरं काही सुचेना, तेव्हा मी नुसतं त्याच्या तोंडाकडं बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच. आणि म्हणालो, "तुला अब्बांच्या जवळ बसायचं होतं."

त्याची मान हलली. लगेच त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं, आणि मीही ते बघितलं नाही असं दाखवलं. तास संपला होता. माझे शेर आणि विनोद तसेच राहिले. जिना उतरताना तो म्हणाला, "दिगू, तुझी पाळी राहिली हाय बरं का." हे वाक्य पुढं त्यानं जन्मभर वापरलं. माझ्या लग्नात मांडवात मी भटजींना घड्याळ दाखवत काहीतरी समजावून सांगत होतो, तर मागून येऊन कानात म्हणाला, पाळी राहिली हाय. नंतर पालकांच्या सभेत माझं भाषण लांबलं की हा शेवटच्या रांगेतून बोट वर करायचा. अर्थ आम्हा दोघांनाच ठाऊक.

अभ्यासक्रमाचा शेवटचा भाग होता गावातलं शिबिर. भूकंपाला तोवर दोनेक वर्षं होऊन गेली होती, पण लातूरकडच्या कितीतरी गावांतली माणसं अजून पत्र्याच्या शेडमध्येच राहत होती, आणि शेजारी नव्या गावठाणात सरकारी घरांच्या सरळ ओळी उभ्या राहत होत्या. आमचा पाच जणांचा गट. गटप्रमुख अर्थातच मी, म्हणजे मीच मला नेमलं होतं. पहिल्या दिवशी स्वयंपाकाची कामं मी प्रत्येकाला बाजूला घेऊन, स्वतंत्रपणे, सविस्तर समजावली. त्यात मिठाचा मुद्दा महत्त्वाचा असल्यामुळं तो प्रत्येकाला सांगितला. वरण कुणाच्याच्यानं गिळवेना. यासीननं पाण्याच्या घोटाबरोबर ताट संपवलं आणि एवढंच म्हणाला, "मीठ सगळ्यांनी टाकलं. विचारलं कुणीच न्हाई."

दुसऱ्या दिवशीची गोष्ट मात्र सांगताना अजून जीभ जड होते. लोकांना गोळा करायचं म्हणून मी ग्रामपंचायतीतला भोंगा मागून आणला. तो जुना होता. बटण दाबलं की आधी आतून गुरगुरायचा, जमिनीतून येतो तसा आवाज. मी शेडच्या ओळींमध्ये उभा राहून बटण दाबलं… आणि पत्र्याखालून माणसं बाहेर पळत सुटली. बाया लेकरं काखेला मारून, एक म्हातारा धोतराचा सोगा धरून, कुणी अर्धी भाकर हातात घेऊन. दोन वर्षं झाली होती, पण त्या पहाटेचा आवाज त्यांच्या अंगातून गेला नव्हता. मी भोंगा हातात धरून उभा. ढालीवाला वक्ता. यासीननं माझ्या हातातून भोंगा काढून घेतला, तो शाळेच्या पडवीत नेऊन ठेवला आणि परत येऊन एकेका दारासमोर खाली बसला. सांगत गेला, काही न्हाई मावशी, आमचंच यंत्र होतं, बसा. मग पुढं काही बोललाच नाही. माणसंच बोलू लागली.

त्यातली एक म्हातारी आलेल्या प्रत्येक माणसाला सांगायची की मला ते घर नको. साहेब लोक म्हणायचे हिला जास्त जागा पाहिजे. आम्ही म्हणालो हिला गाव सोडवत नाही. यासीन तिच्यासमोर दुपारभर बसला. म्हणजे मावशी, घर लांब हाय म्हणून? न्हाई बाबा. म्हणजे घर लहान हाय? न्हाई रे. असं करत करत शेवटी त्याला सापडलं. जुन्या गावात तिचं दार आणि तिच्या मैत्रिणीचं, गंगूचं दार समोरासमोर होतं. गंगू वाचली होती. पण नव्या गावात घरं चिठ्ठ्या टाकून मिळाली आणि दोघींची दारं वेगवेगळ्या ओळीत, एकमेकींकडं पाठ करून. "तुम्हाला दार उघडल्यावर गंगूमावशी दिसायला पाहिजे," यासीन म्हणाला. म्हातारीनं मान हलवली आणि हलवतच राहिली. दार काही फिरलं नाही, आराखड्यातली दारं फिरत नसतात. निघताना तिनं यासीनच्या रुमालात भाजलेल्या शेंगा बांधून दिल्या. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुला न्हाई. तू भोंगेवाला."

पुढं लातूरला क्लासेसचे दिवस आले. डाळ मिलच्या एका रिकाम्या गोदामात मी फळा टांगला. पहिली कित्येक वर्षं पावसाळ्यात भिंतींना तुरीच्या भुश्शाचा वास यायचा. मग पोरं यायला लागली, एसटीनं, ट्रंका घेऊन, सोबत बाप. बघता बघता रस्त्यावर पाट्याच पाट्या झाल्या. मी यासीनला निलंग्याहून बोलावून घेतलं. अब्बा तोवर गेले होते. म्हातारपणाची चार वर्षं हा त्यांच्या गादीशेजारीच बसला होता, एवढं त्याला मिळालं. तो आला आणि त्यानं पुढच्या खोलीतलं टेबल बाहेर काढलं. लाकडी खुर्च्या दोन, समोरासमोर. बस. मी म्हणालो, अरे पालकांवर काही छाप पडायला नको का? तो म्हणाला, छाप पाडायला तू हाईस की आत.

क्लासमध्ये त्यानं कधी काही शिकवलं नाही. पालक विचारायचे, हे सर कोणता विषय घेतात? मी म्हणायचो, ऐकतात. लोकांना तो माझा विनोद वाटायचा. पण ज्या पोरी रडून डोळे सुजवून गावाकडं जायला निघायच्या, त्या त्या खोलीतून चहा पिऊन परत वर्गात यायच्या. एकदा एक बाप मार्क कमी पडले म्हणून आरडाओरड करत आला. मी आत फळ्यावर होतो, आवाज भिंतीतून येत होता. मग थांबला. बाहेर येऊन बघतो तर तो माणूस यासीनसमोर मान खाली घालून म्हणत होता, हाव, तेच हो, मलाच भ्या वाटायलंय, तिला इथं एकटी आणून चुकलो काय म्हणून. त्या रात्री तो पोरीला जेवायला घेऊन गेला, मार्कांचं काढलंच नाही, असं पोरीनंच दुसऱ्या दिवशी सांगितलं. आत मी गतीचे नियम शिकवायचो. क्लास मात्र त्या दोन खुर्च्यांवर उभा होता. हे मला माहीत होतं, आणि पाटीवर नाव फक्त माझंच होतं. त्याबद्दल तो म्हणायचा, पाटी उन्हात असती बाबा, मी सावलीत बरा.

मग झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. मी रोज दवाखान्यात जायचो आणि दोघांचं मिळून मीच बोलायचो. शेवटच्या संध्याकाळी मात्र त्याला काही सांगायचं होतं. डाव्या हातानं त्यानं माझी बोटं धरली. ओठ हलले, आवाज आला, पण शब्द होईना. मी खुर्ची पुढं ओढली. म्हटलं, चल, बाईंचा खेळ. म्हणजे तुला पाणी पाहिजे? मान आडवी. म्हणजे भाभींना बोलावू? नाही. म्हणजे क्लासची काळजी वाटते? नाही. म्हणजे निलंग्याच्या घराचं काही? नाही, नाही… मी आणखी काय काय विचारलं. तो थकत होता, तरी बोटं सोडत नव्हता. तेवढ्यात सिस्टर आली, भेटायची वेळ संपली म्हणाली. मी म्हटलं, उद्या सांग, उद्या नक्की ओळखतो. हळूच बोटं सोडवून घेतली. त्यानं डोळे मिटले.

चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर नसीमभाभी त्याचा चष्मा आणि डबा न्यायला क्लासवर आल्या. त्या खोलीत त्या पहिल्यांदाच येत होत्या. दोन खुर्च्या बघून थोडा वेळ उभ्याच राहिल्या. मी सांगितलं, इथं बसून तो दिवसभर लोकांचं ऐकायचा, स्वतः अवाक्षर काढायचा नाही. त्यांना हसू आलं, डोळ्यांत पाणी असतानाच. "घरी आल्यावर थांबायचेच न्हाईत. दिवसभराचं सगळं सांगायचे. मला पाळीच मिळायची न्हाई, भाऊ." इतक्या वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं. मला भाभींचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

मग त्यांनी विचारलं, शेवटच्या संध्याकाळी काय म्हणत होते? मी एकेक करून सगळं सांगितलं. पाणी, क्लास, निलंगा… प्रत्येकाला त्याची मान आडवी कशी हलली ते. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. म्हणाल्या, "बोटं धरली होती ना तुमची?"

"हाव."

"मग अजून काय सांगायचं होतं त्यांना? बस म्हणत होते."

ऑफिसातली पोरं म्हणतात, ही खोली आता मोकळी करू, प्रवेशाचं काउंटर टाकू. मी नको म्हणतो, कारण सांगत नाही. बॅच सुटली की रोज दार लोटून माझ्या खुर्चीत बसतो. समोरची त्याची. तिच्या डाव्या हातावरचं पॉलिश तेवढं उडालेलं आहे, ऐकताना अंगठा घासायची सवय होती त्याला. बाहेर पोरांच्या सायकली, ऑटोवाल्यांचे हॉर्न. मी म्हणतो, यासीन, म्हणजे तू म्हणत होतास, बस.

आणि मग गप्प राहतो. जन्मात जमलं नव्हतं, ते आता जमतं. मान हलेपर्यंत पाळी बदलायची नाही, असं बाईंनी सांगितलं होतं… मी बसलो आहे.